परवाना आणि मुलूख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, ते वर्गात एखादा शब्द आला म्हणजे त्याचे मूळ आणि त्याचा प्रवास सांगितल्यावाचून पुढे सरकत नसत. त्यांच्याच रीतीने आजच्या विवेचनासाठी मी दोन शब्द घेतले आहेत: ‘परवाना’ आणि ‘मुलूख’. विषय वाहनचालकांच्या परवान्याचा आहे. परप्रांतातून अथवा परदेशातून आलेल्या माणसाला भाड्याची गाडी चालविण्याची अनुमती द्यावी की नाही, द्यावी तर कोणत्या अटींवर, याविषयी गेली काही वर्षे मुंबईपासून वॉशिंग्टनपर्यंत वाद चालू आहेत. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या वादात काय म्हणून पडावे, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. या वादांत वारंवार पुढे येणारी अट भाषेची आहे, आणि त्यांतला एक महत्त्वाचा वाद तर आपल्या मराठीच्याच नावाने झाला.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘परवाना’ हा फारसीतून आलेला शब्द. राजाची अथवा अधिकाऱ्याची लेखी आज्ञा, असा त्याचा जुना अर्थ. ‘मुलूख’ हा अरबी ‘मुल्क’चा मराठी अवतार. शिवकाळापासून तो आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की ‘मुलूखगिरी’ आणि ‘मुलूखमैदान’ हे शब्द परके वाटत नाहीत. याच ‘मुल्क’पासून हैदराबाद संस्थानात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हे शब्द घडले. या शब्दांनी येथील तीन पिढ्यांच्या नोकऱ्या, शिक्षण आणि राजकारण ढवळून काढले. हे दोन शब्द वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. ‘हा माणूस हे काम करू शकतो काय?’ या प्रश्नाचे उत्तर परवान्याने द्यावयाचे असते. ‘हा माणूस आपल्यापैकी आहे काय?’ हा मुलखाचा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या कागदावर लिहू लागलो, की वाद सुरू होतो. हे माझे आजचे मुख्य म्हणणे आहे.

आता कायद्याची रचना थोडक्यात समजून घेऊ, कारण या विषयावरील पुष्कळसा गोंधळ शब्दांच्या सरमिसळीतून होतो. आपण बोलताना ज्याला ‘लायसन्स’ किंवा ‘परवाना’ म्हणतो, त्याला महाराष्ट्राचा परिवहन विभाग ‘अनुज्ञप्ती’ म्हणतो. ‘परवाना’ हा शब्द तो ‘परमिट’साठी राखून ठेवतो. अनुज्ञप्ती माणसाला मिळते, परवाना गाडीच्या व्यवसायाला मिळतो. या दोहोंच्या मध्ये तिसरी वस्तू आहे, ती म्हणजे चालकाचा ‘बिल्ला’. सार्वजनिक वाहन चालविणाऱ्याची ओळख प्रवाशाला पटावी म्हणून राज्ये आपापल्या नियमांनी तो देतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे भाड्याचे अथवा मालाचे वाहन चालवावयाचे तर अनुज्ञप्तीवर तसा स्पष्ट उल्लेख लागतो. चौथ्या कलमाप्रमाणे त्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. तेराव्या कलमाप्रमाणे एकदा मिळालेली अनुज्ञप्ती संपूर्ण भारतात चालते.

हे तेरावे कलम फार अर्थपूर्ण आहे. आपल्या मलकपेठेच्या गंजात, म्हणजे महबूब मॅन्शनच्या बाजार आवारात, कांद्याच्या हंगामात महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या लॉऱ्या उभ्या असतात. चालक मराठी मुलखातला, अडत्या हैदराबादी, हमाल तेलुगू बोलणारा. एकाचा कांदा, दुसऱ्याची प्याज आणि तिसऱ्याचा उल्लिगड्डा. तिघांचा व्यवहार दखनीत होतो आणि कोणाचे काही अडत नाही. त्या चालकाला जहीराबादची सीमा ओलांडताना तेलुगूची परीक्षा द्यावी लागत नाही. त्याची अनुज्ञप्ती येथे चालते आणि त्याच्या गाडीला नॅशनल परमिट असते. असे नसते, तर सोलापूरचा कांदा हैदराबादला पोहोचला नसता आणि हैदराबादचा माल मुंबईस गेला नसता. मालवाहतुकीपुरता तरी देशाने मुलखाचा प्रश्न बाजूस ठेवला आहे.

शहरातील रिक्षा आणि टॅक्सी यांची गोष्ट निराळी पडते. त्यांचा परवाना विशिष्ट क्षेत्रापुरता असतो, आणि मोठ्या शहरांत अशा परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची तरतूद कायद्यात आहे. संख्या मर्यादित झाली की कागदाला किंमत येते. किंमत आली की ‘तो कोणाला मिळावा?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि लगेच ‘आधी आपल्या माणसाला’ असे उत्तरही पुढे येते. कौशल्याचा प्रश्न आपलेपणाच्या प्रश्नात असा रूपांतरित होतो. मुंबईत नेमके हेच घडले.

जानेवारी २०१० मध्ये अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरविले, की मुंबईत टॅक्सीचा नवा परवाना मिळण्यासाठी अर्जदाराचे राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असावे आणि त्याला मराठी लिहिता-वाचता यावी. देशभर गदारोळ उठला. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी खुलासा केला, की मराठी, हिंदी अथवा गुजराती यांपैकी स्थानिक भाषेचे ज्ञान पुरे. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी रिक्षाचे नवे परवाने मराठी बोलता येणाऱ्यांनाच मिळतील असे जाहीर केले, आणि २० फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकाने ही अट पक्की झाली. रिक्षाचालकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. १ मार्च २०१७ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अनुजा प्रभुदेसाई यांच्या खंडपीठाने परवाना देताना घातलेली ही अट बेकायदा ठरवून परिपत्रक रद्द केले.

हा निकाल मराठीच्या विरुद्ध गेला असे त्या वेळी पुष्कळांना वाटले. माझे मत तसे नाही. प्रवाशाशी त्याच्या भाषेत बोलता यावे, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. साताऱ्याच्या एखाद्या खेड्यातून पहिल्यांदाच मुंबईस आलेली वृद्ध स्त्री दादरच्या स्थानकाबाहेर रिक्षा-टॅक्सीवाल्याला आपल्या मुलाचा पत्ता सांगते, तेव्हा तिचे म्हणणे समजणे हा सेवेचाच भाग आहे. तिच्यावर हिंदी लादण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण ही गरज प्रवाशाची आहे आणि ती चालकाने भागवावयाची आहे. गाडी चालविणाराच्या पात्रतेत तिचा विचार झाला तर तो समजण्याजोगा आहे. तीच अट व्यवसायाच्या परवान्याला लावली, की प्रवाशाची सोय मागे पडते आणि अर्जदारांची गाळणी करणे हा हेतू पुढे येतो. त्यात पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट जोडली म्हणजे तर शंकेला जागाच उरत नाही. चौदा वर्षे मुंबईत राहून उत्तम मराठी बोलणारा मनुष्य पंधरा वर्षे राहणाऱ्यापेक्षा वाईट गाडी चालवितो, असे कोणीही म्हणणार नाही.

‘पंधरा वर्षे’ हा आकडा ऐकून हैदराबादच्या जुन्या माणसांच्या भुवया वर गेल्या असतील. हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. निजामाच्या राजवटीत १९१९ मध्ये निश्चित झालेल्या मुल्की नियमांनुसार सरकारी नोकरीसाठी मनुष्य मुल्की असावा लागे. जन्माने जो मुल्की नसेल त्याने संस्थानात पंधरा वर्षे राहून, मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असे. या नियमांमागे खरी व्यथा होती. उत्तर हिंदुस्थानातून आणि ब्रिटिश मुलखातून आलेले शिकलेले लोक वरच्या जागा व्यापत आणि स्थानिक तरुण मागे राहत, ही तक्रार खोटी नव्हती. मराठवाड्यातून आलेल्या माझ्या वडिलांचा मुल्की दाखला आमच्या घरी लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलेला असे. त्या पिढीला त्या कागदाचे मोल किती होते, ते यावरून कळेल.

परंतु त्या नियमांनी मराठी माणसाचे काय केले ते पाहा. औरंगाबादचा मराठी मनुष्य मुल्की होता, आणि सोलापूरचा मराठी मनुष्य गैरमुल्की. दोघांची भाषा एक, पंढरपूरची वारी एक, लग्नसंबंधही परस्परांत. मधून केवळ संस्थानाची सीमा जात होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशात आले. काल येथे ज्याचा मुलूख होता तो औरंगाबादकर आज परराज्यातला झाला. तो जागचा हलला नव्हता, सीमाच हलली होती. माणसाच्या अंगच्या गुणाशी ज्याचा संबंध नाही अशा कसोटीची ही मर्यादा आहे. सीमा बदलली की तीही बदलते.

त्या कसोटीची किंमतही या शहराने मोजली आहे. १९५२ च्या मुल्की आंदोलनात सप्टेंबरच्या आरंभी सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. १९६९ मध्ये आंदोलन पुन्हा पेटले. त्याच वर्षी मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील नोकऱ्यांसाठी वास्तव्याची अट घालणारी १९५७ च्या कायद्यातील तरतूद रद्द केली. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने जुने मुल्की नियम मात्र अद्याप लागू असल्याचा निर्णय दिला. त्यावर आंध्र भागात उद्रेक झाला आणि अखेर १९७३ मध्ये सहा कलमी सूत्र येऊन मुल्की नियम रद्द झाले. त्यांच्या जागी संविधानाच्या ३७१-ड या अनुच्छेदाची व्यवस्था आली. एक लक्षात घ्यावे. हा सारा वाद सरकारी नोकरीचा होता, आणि सरकारी नोकरीत वास्तव्याची अट घालण्याचा अधिकारही संविधानाने सोळाव्या अनुच्छेदात केवळ संसदेला दिला आहे. रिक्षा चालविणे ही सरकारी नोकरीसुद्धा नव्हे. तो माणसाचा स्वतःचा धंदा आहे, आणि देशात कोठेही राहण्याचे व धंदा करण्याचे स्वातंत्र्य एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला दिले आहे. त्यावर निर्बंध घालता येतात, परंतु ते वाजवी आणि लोकहिताचे असावे लागतात.

येथे कोणी सुरक्षिततेचा मुद्दा काढील, आणि तो काढलाच पाहिजे. २०२३ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत सुमारे १ लाख ७२ हजार माणसे मरण पावली. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला चालकाच्या स्वातंत्र्याची व्याख्याने ऐकवू नयेत. म्हणून कोणती अट खरोखर सुरक्षितता वाढविते, हे बारकाईने पाहिले पाहिजे. आपल्याकडे याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील आठव्या नियमाप्रमाणे व्यावसायिक वाहन चालविण्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक होते. हरियाणा सरकारने मेवात भागातील कुशल पण अल्पशिक्षित चालकांचा प्रश्न केंद्राकडे नेला. केंद्राने जून २०१९ मध्ये ही अट काढून टाकण्याचे ठरविले. वाहतूक क्षेत्रात सुमारे २२ लाख चालकांची गरज आहे, चालविण्यास शिक्षणापेक्षा कौशल्य लागते, आणि अट काढताना प्रशिक्षण व चाचणी यांवर अधिक भर दिला जाईल, असे केंद्राने त्या वेळी सांगितले.

भाषेच्या प्राध्यापकाला येथे थोडे अवघडल्यासारखे होते, कारण अक्षरज्ञान निरुपयोगी आहे असे मी कधीही म्हणणार नाही. रस्त्यावरील चिन्हे चित्रांची असतात हे खरे; पण ‘पुढे घाट आहे’, ‘पूल खचला आहे’ असे फलक अक्षरांतच लिहिलेले असतात. तेव्हा वाचता येणे इष्ट आहे. तरीही ‘इष्ट’ आणि ‘अनिवार्य’ यांत अंतर आहे. आठवीचे प्रमाणपत्र हा वाचता येण्याचा पुरावा आहे असे मानणे हे, चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेला मनुष्य म्हणून सांगतो, फारसे सुरक्षित नाही. वाचता येणे हवे असेल तर वाचून दाखवावयास सांगावे. गाडी चालविता येणे हवे असेल तर चालवून दाखवावयास सांगावे. पुरावा त्याच गोष्टीचा मागावा, जी हवी आहे.

हाच प्रश्न अमेरिकेत मोठ्या तीव्रतेने उभा राहिला. तेथे जड ट्रक चालविणाऱ्यास कामापुरते इंग्रजी यावे असा नियम पूर्वीपासून आहे. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी तो कडकपणे अमलात आणण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षीच्या जूनपासून इंग्रजी न येणाऱ्या चालकाला जागीच गाडीवरून उतरविण्यास आरंभ झाला. ऑगस्टमध्ये फ्लोरिडा राज्यात भारतातून गेलेल्या एका चालकाच्या ट्रकमुळे अपघात होऊन तीन माणसे दगावली, आणि वादाला ऊत आला. सप्टेंबरच्या अखेरीस केंद्रीय परिवहन विभागाने नवा नियम काढून परदेशी नागरिकांपैकी फार थोड्यांनाच अशी अनुज्ञप्ती मिळेल असे केले. अशा सुमारे दोन लाख चालकांपैकी बहुतेकांना पुढे ती मिळणार नव्हती. कॅलिफोर्निया राज्य आणि केंद्र यांच्यात निधी रोखण्यापर्यंत भांडण गेले. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती दिली. स्थगिती देताना न्यायालयाने शासनाच्याच आकड्यांवर बोट ठेवले: अशा चालकांकडे एकूण अनुज्ञप्तींपैकी सुमारे पाच टक्के अनुज्ञप्ती असल्या, तरी प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा सुमारे ०.२ टक्के होता. शासनाने मात्र आपली भूमिका सोडली नाही.

या अमेरिकेच्या कथेतील दोन धागे वेगळे करावे लागतील. चालकाला रस्त्यावरचे फलक वाचता यावेत आणि पोलिसाचे म्हणणे कळावे, ही अट कामाशी निगडित आहे. ती सर्वांना सारखी लावली आणि नीट तपासली तर तिच्याशी भांडण नाही. परंतु ज्याने परीक्षा दिली आहे, ज्याला भाषा येते आणि जो वर्षानुवर्षे विनाअपघात गाडी चालवीत आहे, त्याचा कागद केवळ तो परदेशी आहे म्हणून काढून घेणे, हा पुन्हा मुलखाचा प्रश्न परवान्यावर लिहिण्याचा प्रकार आहे. अपघात एकाच्या हातून झाला आणि शिक्षा त्याच्या मुलखातल्या सर्वांना झाली, तर तिला सुरक्षितता म्हणता येणार नाही. पंजाबी चालकांच्या जागी उद्या मराठी चालक असतील, तेव्हा हे आपल्याला अधिक लवकर कळेल.

आणि ते असणारच आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्याबरोबर वाहनचालकही त्यात आहेत, आणि जाणाऱ्यांना जर्मन भाषा शिकविण्याची व्यवस्था शासनाने हाती घेतली. मुंबईत येणाऱ्याला ‘आधी मराठी दाखव’ म्हणणारे राज्य आपल्या मुलांना परक्या मुलखात पाठविताना ‘आधी जर्मन शिकवितो’ म्हणते. यात मला ढोंग दिसत नाही, उलट मार्ग दिसतो. जी भाषा अट म्हणून ठेवावयाची, ती शिकण्याची सोय अट ठेवणाऱ्यानेच करावी. मुंबईत येणाऱ्या चालकासाठी मराठीचे संध्याकाळचे वर्ग परिवहन कार्यालयांच्या आवारात चालले असते, तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ कदाचित आली नसती, आणि मराठी जाणणारे काही हजार लोक वाढले असते. अनुभव असा, की भाषा वर्गात आणि बाजारात वाढते. परिपत्रकाने ती क्वचितच वाढते.

तेव्हा परवान्याची कोणतीही अट समोर आली म्हणजे चार प्रश्न विचारावेत असे मी सुचवितो. पहिला, ही अट कामाशी जोडलेली आहे काय? दुसरा, ती पूर्ण करणे माणसाच्या हातात आहे काय? भाषा शिकता येते, चालविणे शिकता येते. जन्मस्थान मात्र बदलता येत नाही, आणि पंधरा वर्षे कोणालाही एका वर्षात पुरी करता येत नाहीत. तिसरा, ती सर्वांची सारख्या रीतीने तपासली जाते काय? ‘मराठी यावी’ असे म्हणून आडनाव पाहून उत्तीर्ण करावयाचे असेल, तर ती भाषेची परीक्षा राहत नाही. चौथा, अट घालणाराने ती पुरी करण्याची सोय केली आहे काय? ज्या अटीला चारही प्रश्नांवर होकार मिळतो, ती कडक असली तरी न्याय्य आहे. जिला एकावरही नकार येतो, तिच्याविषयी सावध राहावे. मग ती कोणत्या भाषेच्या प्रेमापोटी घातलेली आहे, हे महत्त्वाचे नाही.

आपण हैदराबादचे मराठी लोक या प्रश्नाकडे जरा वेगळ्या जागेवरून पाहू शकतो. महाराष्ट्रात मराठीच्या हक्काची भाषा बोलणारे आपले आप्त आहेत, आणि या शहरात आपण स्वतः दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहतो. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा काढली, तेव्हा राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि लोकांपैकी पुष्कळांची तेलुगू. त्यांनी मराठी जपली, पण उर्दूही उत्तम शिकले, आणि तेलुगू शेजाऱ्याशी वैर धरले नाही. येथील भाषा आपण शिकलो ते कोणी परवाना अडवून धरला म्हणून नव्हे. येथे राहावयाचे होते म्हणून शिकलो. मुंबईच्या रिक्षावाल्याकडून आपण जे मागतो, ते आपल्या पूर्वजांनी येथे आपणहून दिले आहे. म्हणूनच त्याला मराठी शिकण्याचा आग्रह करण्याचा आपल्याला नैतिक अधिकार आहे. आणि म्हणूनच त्याला हुसकावून लावण्यासाठी मराठीचा वापर होत असेल, तर त्याला विरोध करण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज न्यायालयांत वकिली करतात, कोणी शासनात अधिकारी आहेत, कोणाची मुले परदेशी मुलखात आपल्या अनुज्ञप्तीचे नूतनीकरण होईल की नाही या चिंतेत आहेत. नियम लिहिण्याची, तो लागू करण्याची अथवा तो सोसण्याची पाळी तुमच्यापैकी प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येईल. त्या वेळी हे चार प्रश्न आठवावेत, एवढीच विनंती.